‘निघेल ते काढून न्या’: जप्तीतल्या घराबद्दलचा एक महागडा सल्ला

गृहकर्ज थकलेल्यांसाठी ‘कामाची माहिती’ म्हणून एक मेसेज या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: बँकेचा हक्क फक्त चार भिंतींवर, तेव्हा तुमच्या पैशाने बसवलेलं सगळं, अगदी नळ, खिडक्या, दारंसुद्धा काढून न्या. जड सामान आतच ठेवून कुलूप घाला, म्हणजे बँकेला ताबा घेता येत नाही. भाडेकरू ठेवलात तर फारच उत्तम. आणि घर गेलं की कर्ज संपलं, मग काळजी कसली?

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा सल्ला त्याच्याच जोरावर उभा आहे.

‘घर गेलं की कर्ज संपलं’

संपत नाही. थकलेल्या गृहकर्जासाठी बँका बहुतेकदा २००२ चा सरफेसी कायदा, म्हणजे तारण ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकेला देणारा कायदा, वापरतात. लिलावात आलेल्या पैशातून आधी खर्च वळता होतो, मग थकबाकी. त्यातून उरलं आणि दुसऱ्या कुणाचा हक्क नसला, तर ते कर्जदाराचं. कमी पडलं, तर उरलेल्या रकमेसाठी कलम १३(१०) खाली बँक पुन्हा कर्जदाराच्याच मागे लागू शकते. समजा थकबाकी आणि खर्च मिळून ३० लाख झाले आणि घर २७ लाखांना गेलं, तर ३ लाख तुमच्या नावावर तसेच राहिले. उपटलेले नळ आणि दारं भंगारात जाऊन चार पैसे हाती येतील. पण उघडंबोडकं घर बघून बोली लावणारा हात आखडतो, आणि तो आखडलेला हात तुमच्या खिशातला असतो.

‘बसवलेलं सगळं तुमचंच’

इथे थोडं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. तारण आहे ते घर. कपाट, पलंग, फ्रिज, भांडी, कपडे, दागिने यांवर वेगळं कर्ज काढलं नसेल तर गृहकर्जापोटी बँकेचा त्यांच्यावर हक्क नाही. ते बिनधास्त न्या. ‘बँकवाले मंगळसूत्रसुद्धा नेतात’ ही उलट बाजूची भीतीही तितकीच पोकळ. न्यायालयाच्या हुकूमनाम्याखालच्या जप्तीतूनसुद्धा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीने स्त्रीला उतरवता न येणारे दागिने वगळले आहेत.

घोळ होतो तो भिंतीला लागलेल्या वस्तूंचा. खर्च कुणी केला एवढ्यावर इथे निकाल लागत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ‘जमिनीशी जोडलेलं’ याची व्याख्या आहे: जमिनीत रुजलेली झाडं, जमिनीत रोवलेल्या भिंती, आणि त्या भिंतींच्या कायमच्या उपभोगासाठी त्यांना जोडलेलं सगळं. त्याच कायद्याचं कलम ८ तर घराबरोबर काय काय जातं ते नावानिशी सांगतं: कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या. दीडशे वर्षांपूर्वीचा मसुदा लिहिणाऱ्याला किल्ल्या विसराव्याशा वाटल्या नाहीत, याचं मला कौतुक वाटतं.

म्हणून कुंडीतली तुळस न्या, अंगणातला आंबा राहू द्या. हुकाला टांगलेला पंखा, इन्व्हर्टर, पाण्याचा फिल्टर, एसी हे नीट सोडवून नेण्यासारखं. भोक पडलं तर बुजवा. फरशी, बेसिन, कमोड, ग्रिल, वायरिंग, फॉल्स सीलिंग यांना हात लावू नका. मॉड्यूलर किचन हा खरा वादाचा विषय. सुटी ट्रॉली निघते, भिंतीत ठोकलेलं कपाट काढताना टाइल्स फुटतात. फोडल्याशिवाय निघत नाही ते सोडा, किंवा बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला, म्हणजे ताब्याचं काम बघणाऱ्या माणसाला, लेखी विचारा. विजेचा मीटर बहुतेकदा मुळात तुमचा नसतोच.

तोडफोडीबद्दल मालमत्ता हस्तांतरण कायद्याचंच कलम ६६ आहे. आपोआप झालेल्या झिजेसाठी गहाण ठेवणाऱ्याला दोषी धरलं जात नाही, पण तारण अपुरं असताना किंवा त्यामुळे अपुरं होणार असताना मालमत्तेचं कायमचं नुकसान करायला मनाई आहे. इमारतीच्या बाबतीत किंमत थकबाकीच्या दीडपटीहून जास्त नसेल तर तारण अपुरं समजलं जातं. कर्ज बुडालेल्या बऱ्याच घरांची अवस्था हीच असते.

‘सामान ठेवा, कुलूप घाला’

सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली बँक मुख्य महानगर दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते आणि तिथून आदेश निघाला की कुलूप फोडूनही ताबा घेता येतो. मग आतल्या सामानाची यादी होते, पंचनामा होतो, आणि ‘सामान घेऊन जा’ अशी नोटीस तुम्हाला येते. आपलीच तिजोरी परत मिळवायला अर्ज करत फिरण्यात काय शहाणपण? ताबा लांबवायचं सबळ कारण असेल तर त्याची जागा वेगळी आहे: ‘६० दिवसांत थकबाकी भरा’ असं सांगणाऱ्या मागणी नोटिशीवर लेखी हरकत, त्याला बँकेने १५ दिवसांत द्यायचं उत्तर, आणि ताब्याच्या कारवाईनंतर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज.

‘भाडेकरू ठेवा’

मागणी नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकायला किंवा भाड्याने द्यायला सरफेसीचं कलम १३(१३) मनाई करतं. कायदा मोडल्यास कलम २९ मध्ये एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे. शिवाय डिपॉझिट दिलेला तो बिचारा माणूस काही महिन्यांत रस्त्यावर येतो, ते वेगळंच.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र कुठेच नाही: कागद. टेम्पो बोलावण्याआधी फाइल बाहेर काढा. बँकेच्या सगळ्या नोटिसा, खात्याचे उतारे, मुलांचे दाखले, रेशनकार्ड, विम्याचे कागद, सोसायटीच्या पावत्या. मग रिकाम्या घराचा खोलीखोलीतून व्हिडिओ काढा, नळ आणि दारं जागेवर दिसतील असा, आणि मीटरच्या आकड्याचा फोटो. किल्ल्या अधिकाऱ्याच्या हातात द्या आणि त्याच जागी, त्याच वेळी, सही-शिक्क्याची पोच मागा. ‘उद्या ऑफिसात या’ म्हणाला, तर किल्ल्याही उद्याच.