लार्सन म्हणजे वासरांत लंगडी गाय? अजिबात नाही

स्वीडनचा फुटबॉलपटू हेन्रिक लार्सनचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं: स्कॉटलंडच्या लीगमध्ये कुणीही गोल करेल, वासरांत लंगडी गाय शहाणी. मग त्याला बाकीची कलमं जोडली जातात. हॉलंडमध्ये तो चालला नाही, युरोपात मोठ्या संघांपुढे दिसला नाही, बार्सेलोनात बाकावर बसला, मँचेस्टर युनायटेडने त्याला तीन महिन्यांत परत पाठवलं. हे इतक्या वेळा पुढे पाठवलं गेलंय की ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं नाही, त्यांना ते खरंच वाटू लागलंय. मी त्याला पाहिलंय, म्हणून एकेक कलम घेतो.

आधी स्कॉटलंड, कारण मुख्य आरोप तोच. तिथल्या सेल्टिक क्लबसाठी सात मोसमांत 242 गोल, त्यातले 174 लीगमधले. ही लीग इटली-स्पेनच्या तोडीची नव्हती, हे मान्यच. पण ते मान्य करूनच युरोपातल्या लीगमधल्या सर्वोत्तम गोलकर्त्याचा गोल्डन शू पुरस्कार दिला जात होता, हे कुणी सांगत नाही. 1996-97 पासून त्यात नुसते गोल मोजत नाहीत. बड्या लीगमधल्या गोलाला दोन गुण, स्कॉटलंडमधल्या गोलाला दीड. 2000-01 मध्ये लार्सनने लीगमध्ये 35 गोल केले, म्हणजे 52.5 गुण. त्याच मोसमात लाझिओच्या एर्नान क्रेस्पोने इटलीत 26 गोल केले, म्हणजे 52 गुण. लीग दुबळी म्हणून प्रत्येक गोलाचा चौथा हिस्सा कापून घेतला, तरीही पहिला लार्सनच आला.

आणि हा मोसम कशानंतरचा होता? 21 ऑक्टोबर 1999 रोजी लियाँमध्ये यूएफा कपच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, सामन्यात त्याचा पाय मोडला, तोही दोन ठिकाणी. ते दृश्य पाहिलेल्या कुणालाही तो पुन्हा धावेल असं वाटलं नसेल. तो मोसम संपता संपता मैदानात उतरला, युरो 2000 मध्ये इटलीविरुद्ध गोल केला आणि पुढच्या मोसमात सगळ्या स्पर्धा धरून 53 गोल. सेल्टिकने त्या वर्षी देशातले तिन्ही मोठे चषक जिंकले. समोर नुसती वासरंच होती असंही नाही. सेल्टिकचा कट्टर प्रतिस्पर्धी रेंजर्सकडे तेव्हा अर्थुर न्यूमन, जोव्हानी व्हान ब्रोंकहोर्स्ट असे हॉलंडच्या राष्ट्रीय संघातले खेळाडू होते. ऑगस्ट 2000 मध्ये सेल्टिकने त्याच रेंजर्सना 6-2 असं धुतलं. त्या सामन्यात लार्सनने बचावपटूला चकवून पुढे आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचललेला चेंडू आजही डोळ्यांसमोर आहे. तो गोल कुठल्याही लीगमध्ये गोलच असता.

हॉलंडचं कलम निम्मं खरं आहे. 1993 ते 1997 या काळात तिथल्या फेयेनूर्ड क्लबसाठी लीगमध्ये 101 सामन्यांत 26 गोल, म्हणजे काही डोळे दिपवणारा हिशेब नाही. पण तिथे त्याला कधी बाजूला, कधी मागे खेळवलं, सामना अर्ध्यावर असताना बाहेर काढलं. विम यान्सन त्याला फेयेनूर्डपासून ओळखत होते. ते सेल्टिकचे कोच झाल्यावर त्यांनी त्याला अवघ्या साडेसहा लाख पौंडांत आणलं आणि गोलसमोर उभं केलं. बाकी इतिहास वर आलाच आहे.

आता युरोप. या आरोपाचा मला खरोखर राग येतो. 2002-03 च्या यूएफा कपमध्ये सेल्टिकने ब्लॅकबर्न आणि लिव्हरपूल, दोन्ही इंग्लिश संघांना बाहेर काढलं. ब्लॅकबर्नविरुद्ध लार्सनने घरच्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही सामन्यांत गोल केला. फेब्रुवारीत त्याचा जबडा मोडला होता. मार्चमध्ये परतून त्याने लिव्हरपूलविरुद्ध सुरुवातीलाच गोल केला. उपांत्य फेरीत बोआविश्ताच्या मैदानावरचा एकमेव गोलही त्याचाच. 21 मे 2003 ला सेव्हियात अंतिम सामना, समोर कोच मोरिन्योचा पोर्तुगीज क्लब पोर्तो. सेल्टिक दोनदा मागे पडलं आणि दोन्ही वेळा लार्सनच्या हेडरने बरोबरीत आलं. जादा वेळेत 3-2 ने हार झाली. त्याच पोर्तोने पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकली. ‘मोठ्या संघांपुढे दिसला नाही’ म्हणणाऱ्याने हा सामना एकदा बसून पाहावा.

‘बार्सेलोनात बाकावर बसला.’ बसला, हो. तिथे गेला तेव्हा तो 32 वर्षांचा होता, पुढे रोनाल्डिन्यो आणि एटो होते, आणि नोव्हेंबर 2004 मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध गुडघा गेल्याने पहिला मोसम जवळजवळ वाया गेला. दुसऱ्या मोसमात लीगमध्ये 10 गोल केले. आणि मग 17 मे 2006, पॅरिस. आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा वाजले होते सामना सुरू झाला तेव्हा. आर्सेनलचा गोलकीपर लवकरच बाहेर गेला होता, तरी दहा जणांचं आर्सेनल 1-0 ने पुढे होतं आणि तासभर बार्साला वाट सापडत नव्हती. 61 व्या मिनिटाला लार्सन आला. 76 व्या मिनिटाला त्याने एका स्पर्शात चेंडू एटोकडे वळवला, गोल. 81 व्या मिनिटाला बेलेत्तीला पास दिला, गोल. चषक बार्साचा. हरलेल्या संघाचा थिएरी ऑन्री सामन्यानंतर म्हणाला की सगळे रोनाल्डिन्यो-एटोबद्दल बोलतात, पण आज फरक पाडला तो लार्सनने. बाकावर बसण्याचा उल्लेख करायचा तर बाकावरून उठल्यावर काय झालं, तेही सांगा.

युनायटेडने त्याला परत पाठवलं, हे तर सरळ खोटं आहे. स्वीडनची लीग हिवाळ्यात बंद असते. त्या सुट्टीत, जानेवारी ते मार्च 2007, तो तिथल्या हेल्सिंगबोर्ग क्लबकडून उसना आला होता. 35 व्या वर्षी 13 सामने आणि 3 गोल. युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन यांना तो आणखी हवा होता, पण आपल्या गावच्या क्लबला दिलेला शब्द त्याने मोडला नाही.

अलीकडे आणखी एक कलम जोडतात: स्वीडनच्याच झ्लाटन इब्राहिमोविचपुढे लार्सन कोण? स्वीडनसाठी झ्लाटनचे 62 गोल, लार्सनचे 37. झ्लाटन मोठाच खेळाडू. पण विषय ‘मोठ्या मंचा’चा असेल, तर वर्ल्ड कपच्या मुख्य स्पर्धेत झ्लाटनचा एकही गोल नाही. लार्सनचे पाच आहेत, तेही 1994, 2002 आणि 2006 अशा तीन वेगवेगळ्या स्पर्धांत. शेवटचा इंग्लंडविरुद्ध, अगदी अखेरच्या क्षणी, 2-2 करणारा.

त्याच स्पर्धेत जर्मनीविरुद्ध त्याने पेनल्टी बाहेर मारली आणि स्वीडन हरलं. ते खरं आहे, ते तुमच्या यादीत राहू द्या. बाकीची कलमं खोडा.