पत्रा उडाला तर वाऱ्याचा दोष

कांदा साठवायची कांदाचाळ बांधायचा विचार उन्हाळ कांदा काढणीला आल्यावरच करावा. दिवाळीत केला, तर चार जणांकडून दर मागवावे लागतात, दोन झालेल्या चाळी बघून याव्या लागतात, म्हणजे नसता ताप. मार्चमध्ये एकच ठेकेदार मोकळा सापडतो. तो मोकळा का आहे, हे विचारू नये. त्यातून मेव्हण्याच्या ओळखीतला असेल, तर कागद-पेन खिशातच राहू द्या. "नाना, घरचंच काम समजा," असं तो म्हणाला, की करार झाला.

मग पाइपाच्या जाडीचा, म्हणजे गेजचा, विषय निघेल. तो १६ गेजऐवजी १८ गेज सुचवेल. १८ हा १६ पेक्षा मोठा आकडा आहे, हे शाळेतलं पोरही सांगेल, तेव्हा खुशाल हो म्हणा. गेजचं गणित उलटं असतं, १६ म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर आणि १८ म्हणजे १.२, म्हणजे पाइपातलं चौथा हिस्सा लोखंड गायब, असल्या खोलात शिरू नका. दर चौरस फुटावरच ठरवा. किलोवर ठरवलात तर लोखंडाची गाडी वजनकाट्यावर न्यावी लागेल. बाजार समितीत आपल्या ट्रॉलीचं वजन होताना डोळ्यांत तेल घालून उभं राहणं वेगळं. तिथे आपण विकणारे असतो. विकत घेणाऱ्याने इतकं संशयी असू नये.

पत्राही ०.५० मिलिमीटर जाडीचा म्हणाला की ०.५० चा. त्यात जस्त आणि रंगाचे थर धरले आहेत का, हे विचारलंत तर चहा गार होईल.

खरी मजा मापात आहे. कृषी खात्याच्या आराखड्यात चाळीची एक पाखी, म्हणजे कांदा भरायचा लांबट कप्पा, जेमतेम चार फूट रुंद असते, तळ जमिनीपासून उचललेला असतो आणि बाजूंना फटी असतात. कांदा चाळीत पडला तरी श्वास घेत राहतो, त्याची ऊब आणि ओल बाहेर जायला खालून-बाजूंनी हवा खेळावी लागते, म्हणून हा खटाटोप. ठेकेदाराला हे पटत नाही. त्याने आजवर गोदामं आणि मंगल कार्यालयं बांधलेली असतात. "चार फुटांत काय मावतंय? सहा करू. आणि खालून कोबा मारून देतो, उंदीर येणार नाही." करा. उंदीर खरंच येत नाही, हवाही येत नाही. मधल्या दोन फुटांतला कांदा काय म्हणतोय ते ऑगस्टमध्ये वासावरून कळेल. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम असावी म्हणतात, पण ठेकेदार ती ट्रॅक्टर वळेल तशी घालतो, आणि ट्रॅक्टर तर रोजच वळवायचा आहे.

पायाचे खड्डे दीड फुटावर थांबले तर थांबू द्या. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावं, असं जुनी माणसं सांगतात. जुन्या माणसांना वेळ भरपूर असतो.

पैसे मात्र वेळेवर द्या. किंबहुना वेळेआधीच. सांगाडा उभा राहायच्या आत बहुतेक रक्कम पोचली, की ठेकेदाराचा तुमच्यावर विश्वास बसतो आणि तो निर्धास्तपणे दुसऱ्या गावी काम धरतो. मग फोनवर कळतं, की वेल्डर गावाला गेलाय. वेल्डर आला की तीन फेज लाइट रात्रीची असते. (हे एक कारण खरं असतं, आणि म्हणूनच बाकीचीही खपतात.)

अनुदानाचा अर्ज चाळ बांधून झाल्यावर निवांत भरा. पूर्वसंमती आधी घ्यायची असते, हे कृषी सहायक तुम्हाला सांगेलच. तेवढाच त्याच्याशी परिचय वाढतो.

आता राहिले स्क्रू. पत्र्याला रबरी वॉशरचे स्क्रू प्रत्येक पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पाइपावर, ठरावीक अंतराने मारायचे असतात. तुमचा माणूस एकाआड एक पर्लिन सोडेल, कारण ऊन फार असतं आणि वर चढून मोजणारं कुणी नसतं. नाशिककडे बांधकामासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरावा, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, असं भारतीय मानक सांगतं. ठेकेदार मात्र वारा धरतच नाही, कारण त्याचा दर ठरलेला नसतो.

मेमधल्या वळवाच्या एका संध्याकाळी पत्रे शेजाऱ्याच्या डाळिंबात जाऊन पडतील. ते आणायला एकटे जाऊ नका, ठेकेदाराला बोलवा. तो लगेच येईल. उडालेल्या पत्र्याकडे बघून, "वारंच लई होतं, नाना," म्हणेल, वाकलेले पत्रे भंगारात स्वतःच घालवून देतो म्हणेल, आणि जाता जाता टेप काढून शेजाऱ्याच्या गोठ्याचं माप घेईल.