खरड छाटणी

गेल्या रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी खिडकीशी आलो, तेव्हा घरापुढच्या उतारावर शेजारचे आबा उकिडवे बसले होते, त्यांच्या हातात माझीच कात्री होती आणि शेजारी माझ्या तीन वर्षांच्या जुनिपर झुडपांच्या फांद्यांचा ढीग पडला होता.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरापुढची जमीन थेट रस्त्याकडे उतरते. त्या उतारावर गवत कापण्याचे यंत्र चालवणे म्हणजे दावे तुटलेल्या म्हशीला शेपटीने आवरणे होय, म्हणून मी तिथे जमिनीसरपट पसरणारा जुनिपर लावायचे ठरवले. वाणाचे नाव 'ब्लू रग', म्हणजे आपल्या भाषेत निळी सतरंजी. हा वाण १९१४ साली मेन राज्यातल्या व्हाइनलहेवन नावाच्या बेटावर सापडला. खाऱ्या वाऱ्याच्या माऱ्यात निपजलेले हे झाड उंचीने ४ ते ६ इंचांपलीकडे जात नाही, मात्र आडवे ६ ते ८ फूट सहज पसरते. ते बारा महिने पानांनी भरलेले असते, मुळे धरली की पाण्यासाठी रडत नाही आणि माझ्या ट्युलिपांना पंगतीला बसल्यासारखी खाणारी हरणेही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. 'लावा आणि विसरून जा,' असे रोपवाटिकेतल्या माणसाने सांगितले. प्रत्येकी २८ डॉलर देऊन मी ११ रोपे आणली. रोपे पाच-पाच फुटांवर लावायची असल्यामुळे मधली जागा झाकली जाईपर्यंत दोन-तीन वर्षे तिथले तण हातांनीच उपटावे लागते, आणि त्या वेळी हीच निळी सतरंजी कोपरापर्यंत टोचते, हे त्याने सांगितले नाही.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली नाही. कडाक्याची थंडी पडली की या झाडाचा निळा रंग जांभळट, मळकट होतो. झाड ठणठणीत असते, फक्त चेहरा तेराव्याचा करते. डिसेंबरात समोरच्या बाईंनी मेलेली झाडे उपटून नेणाऱ्या माणसाचे कार्ड आमच्या दारात खोचून ठेवले. टपाल टाकणारा गृहस्थही उताराकडे पाहून मान हलवून गेला. मी सगळे सहन केले, कारण एप्रिलच्या उबेत झाड आपसूक निळे होते, हे मी दोन वर्षे पाहिले होते.

आबा मात्र नुसती मान हलवणाऱ्यांतले नव्हते. नातवाच्या जन्माच्या निमित्ताने ते ऑक्टोबरात तासगावहून कोपऱ्यावरच्या घरी, मुलाकडे आले. तीस वर्षे द्राक्षबाग केलेला माणूस इथे दिवसभर सोफ्यावर बसून होता. रिकाम्या हातांना खाज सुटणारच. रोज संध्याकाळी मफलर गुंडाळून ते माझ्या उतारापाशी थांबत आणि चौकशी सुरू करीत.

"ह्याला फळ येतं का ओ?"

"येतं की आबा. बारीक, निळं."

"एकरी माल किती निघतो?"

"ते खात नाहीत."

"मग जनावरं खातात?"

"जनावरं खात नाहीत म्हणूनच लावलंय."

यावर ते बराच वेळ गप्प राहिले. "मग ह्याचं करायचं काय?"

"बघायचं," मी म्हणालो.

आबांनी बघितले. मफलर सैल करून, दोन पावले मागे सरून, पुन्हा पुढे येऊन त्यांनी नीट बघितले आणि मग ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले, तशा नजरेने माझ्याकडे दहावीच्या निकालानंतर कोणी पाहिले नव्हते.

तेव्हाच कात्री कुलपात ठेवायला हवी होती.

"वाळलं होतं ओ सगळं," रविवारी ते प्रसन्न मुद्रेने म्हणाले. "खरड छाटणी मारली. दोन-दोन डोळे राखलेत. आता काडी कशी तरारून फुटती बघा."

द्राक्षाच्या बाबतीत त्यांचे अक्षर न् अक्षर खरे आहे. एप्रिलात वेल खरडून काढावी, राखलेल्या डोळ्यांतून, म्हणजे कोंबांतून, तिने नवी काडी धरावी आणि ऑक्टोबरात फळछाटणी घ्यावी, हे गणित या माणसाने तीस वर्षे चुकवलेले नाही. पण जुनिपरच्या जुन्या, पाने नसलेल्या लाकडाला पुन्हा फूट येत नाही. तिथे फुटण्याजोगा डोळाच नसतो. मागे कापले की तेवढी जागा बोडकी, आणि शेजारच्या फांद्या सरपटत येऊन ती झाकेपर्यंत आपण वाट पाहायची. ११ पैकी ४ झाडांचे त्यांनी खुंट करून ठेवले होते, तेही रस्त्यावरून पहिली दिसणारी चार.

हे सगळे माझ्या ओठांवर आले होते. प्रत्यक्षात मी म्हणालो, "छान केलंत आबा. चहा घेणार?" चार झाडांपेक्षा या एका वाक्याचा राग मला अजून येतो आहे. एरवी ग्राहक सेवेच्या फोनवर अर्धा तास तावातावाने भांडणारा मी, मफलर बांधलेल्या मराठी माणसासमोर साखर किती एवढेच विचारू शकलो. "जाऊ दे, वडीलधारे आहेत," असे बायको म्हणाली. उतारावरचे तण ती काढत नाही.

पुढच्या आठवड्यात आबा परत निघाले आहेत. काल ते निरोप घ्यायला आले, पण आधी उतारावर गेले, खुंट बोटांनी चाचपून पाहिले आणि समाधानाने दारात आले. "पुढच्या छाटणीला येतोच मी. तोवर कुणाला हात लावू देऊ नका," ते म्हणाले, आणि मग आठवल्यासारखे थांबले. "छाटलेल्या जागी बोर्डोचं औषध मारायला पाहिजे ओ. मोरचूद आन् चुना मिळंल का हितं?"

मोरचूद शोधावे लागेल, असे मी त्यांना सांगितले. चुना मला आधीच लागलेला होता.