जाड हाडं म्हणजे पाण्यातला पूर्वज नव्हे

'होमो इरेक्टसची (माणसाची एक प्राचीन, आता नामशेष जात) हाडं जाड होती, म्हणजे आपले पूर्वज पाण्यात राहत' असा मजकूर सध्या फॉरवर्ड होतोय. पहिला भाग खरा, निष्कर्ष ओढूनताणून काढलेला.

जड हाड पाण्यात शरीर खाली धरून ठेवतं, हे बरोबर. मॅनाटी या पाण्यात राहणाऱ्या सस्तन प्राण्याच्या फासळ्या अशाच भरीव असतात. जम्मूतल्या कालाकोटजवळ सापडलेला 'इंडोहायस' घ्या: मांजराएवढा, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, देवमाशांचा नातलग. त्याच्या पायाच्या हाडाचा काप पाहिला तर भिंत जाड, मधली पोकळी अरुंद. पण तो पाण्यात वावरायचा असं २००७ मध्ये मांडताना संशोधकांनी दातांतली ऑक्सिजनची समस्थानिकंही (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तपासली होती; त्यांच्या प्रमाणावरून प्राणी पाण्यात वावरायचा का, याचा अंदाज येतो. नुसत्या हाडावर निकाल दिला नव्हता.

आता हत्ती बघा. त्याच्याही पायाच्या हाडांत मोकळी पोकळी नसते, आणि तो भार पेलतो जमिनीवर. उलट सुसाट पोहणाऱ्या डॉल्फिनची हाडं हलकी, सच्छिद्र.

इरेक्टसच्या मांडीच्या हाडाची भिंत जाड आहे, ती बरेच अभ्यासक अंगमेहनतीच्या आयुष्याशी जोडतात. कवटीच्या जाडीबद्दल वाद आहेत. पण पोहणाऱ्याला जड डोकं काय कामाचं? श्वासासाठी तेच तर वर काढायचं असतं!