बिबट्या लांबच्या जंगलात सोडून प्रश्न सुटत नाही

जुन्नर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामांनी परवा व्हॉट्सॲपवर एक संदेश पाठवला आणि पाठोपाठ फोन करून विचारले की, वेल्डिंगवाल्याकडून पिंजरा बनवून घेतला तर चालेल का. त्या संदेशात पाच दावे आहेत: वनखात्याची वाट न पाहता गावाने स्वतः पिंजरा लावावा, पिंजऱ्यात सापडतो तोच हल्लेखोर बिबट्या, त्याला लांबच्या जंगलात सोडले की विषय संपला, उसात बछडे सापडले तर तेही उचलून न्यावेत, आणि हे सगळे बिबटे वनखात्यानेच आणून सोडले आहेत. यावर विसंबून कोणी वागले तर माणसांचे जीव जातील, म्हणून हे लिहीत आहे.

पहिला दावा थेट गुन्ह्याकडे नेतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे आणि त्याला सापळ्यात पकडणे हीदेखील कायद्याच्या व्याख्येत शिकारच ठरते. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय ते केल्यास ३ ते ७ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. वनखात्याच्या पिंजऱ्यात आमिषाच्या शेळीसाठी जाळीचा स्वतंत्र कप्पा असतो आणि बिबट्या सापडल्यावर गर्दी हटवून पिंजरा कापडाने झाकतात, कारण बिथरलेले जनावर गज चावून सुळे मोडून घेते आणि धडका देऊन कपाळ फोडून घेते. गावठी पिंजऱ्याभोवती मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या जमावात यातले काय पाळले जाणार आहे?

सर्वांत घातक दावा तिसरा आहे, आणि संताप याचा येतो की तो जुन्नरमध्येच खोटा ठरलेला असताना जुन्नरमध्येच फिरतो आहे. २००१ पासून येथे बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम राबवली गेली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर अंतरावर हलवण्यात आले होते. मोहिमेपूर्वी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. मोहिमेनंतर ही सरासरी १७ वर गेली आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. जिथून बिबटे उचलले तिथले हल्ले थांबले नाहीतच, उलट जिथे सोडले त्या भागांतही ते सुरू झाले. याचे कारण समजायला अवघड नाही: अनोळखी मुलखात सोडलेला, पकडल्यामुळे बिथरलेला बिबट्या आपल्या ठिकाणाकडे परत निघतो, वाटेत वस्त्या लागतात, आणि मागे रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून, ठावठिकाणा कळवणारी कॉलर गळ्यात लावून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ हा नर तर चालत मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. ‘लांबचे जंगल’ म्हणजे नेमके किती लांब, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

दुसऱ्या दाव्याबद्दल एवढेच, की पिंजऱ्याचे दार आत कोण शिरले हे पाहून पडत नाही. शेळीच्या वासाने आलेली मादी किंवा नवखा बिबट्याही त्यात अडकतो, आणि गाव निर्धास्त होते, हा धोका वेगळाच. बछड्यांचे म्हणाल तर ऊसतोडणीत सापडलेली पिल्ले त्याच जागी संध्याकाळी ठेवली की आई येऊन त्यांना घेऊन जाते, हे या भागात वारंवार घडलेले आहे. ती उचलून नेली तर पिल्ले शोधणारी मादी वस्तीभोवतीच घुटमळत राहते.

पाचव्या दाव्यात तथ्याचा अंश आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. खात्याने एकेकाळी बिबटे एका ठिकाणाहून दुसरीकडे नेऊन सोडले, ते वर सांगितलेच आहे. परंतु आजचे बिबटे कोणी ट्रकमधून आणलेले नाहीत. कुकडीच्या कालव्यांवर वाढलेल्या उसात आडोसा मिळतो, गावातली कुत्री आणि शेळ्या खायला मिळतात, आणि ते तिथेच जन्मतात, तिथेच वाढतात.

माणसावर हल्ला झाला असेल तेव्हा पिंजरा लागतोच, आणि तो लावण्यात खात्याने दिरंगाई करू नये, ही गावकऱ्यांची मागणी रास्त आहे. मामांना मी सांगितले की, वेल्डिंगवाल्याला द्यायचे पैसे शेळ्यांचा गोठा वरूनही जाळीने बंद करण्यात घालावेत, लहान मुलांना अंधार पडल्यावर उसाच्या कडेला एकटे सोडू नये, आणि बिबट्या दिसल्यास १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवावे.