“गांजाने हिरड्या मजबूत होतात” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

फिरत असलेल्या मेसेजचा मथितार्थ असा: गांजा म्हणजे तंबाखू नव्हे, नैसर्गिक वनस्पती आहे, तो तोंडातले जंतू मारतो, म्हणून दात किडत नाहीत आणि हिरड्या मजबूत होतात, त्याने तोंडाचा कॅन्सर होत नाही, दाढदुखीवर तो जालीम उपाय आहे, डेंटिस्टकडे जाण्याआधी घेतला की भीती वाटत नाही, आणि यातलं काही डॉक्टरांना सांगायची गरज नाही.

जंतूंच्या दाव्याला निदान थोडा आधार आहे, म्हणून आधी तोच बघू. 2020 साली एक प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध झाला. 60 प्रौढांच्या दातांवरचा प्लाक (जंतूंचा चिकट थर) घेऊन तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवला आणि त्यावर कॅनाबिनॉइड (गांजात असलेली रसायनं) व बाजारातल्या टूथपेस्ट लावून पाहिल्या. कॅनाबिनॉइडपाशी जंतूंची वाढ कमी दिसली. एवढंच. त्यात कुणी चिलीम ओढली नव्हती, कुणाचे दात किडायचे थांबले नव्हते. बशीतले जंतू व्हिनेगरनेही मरतात. म्हणून कुणी व्हिनेगरने चुळा भरत बसत नाही.

तोंडात प्रत्यक्षात घडतं ते उलटंच. लाळग्रंथींवर कॅनाबिनॉइड ओळखणारे ग्राही असतात. टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं रसायन, तिथे पोहोचलं की लाळ सुटणं मंदावतं आणि घशापर्यंत कोरड पडते. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. जेवणानंतर प्लाकमधल्या जंतूंनी तयार केलेलं आम्ल ती मारते आणि दातातून निघून गेलेली खनिजं परत भरते. पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, विरघळायला लागतं. लाळ आटली की हा काळ लांबतो. तोंड फार कोरडं असेल तर तपासताना छोटा आरसा गालाला आतून चिकटतो, सोडवून घ्यावा लागतो. त्यात नशेत सुटणारी गोडाची भूक, आणि कोरड घालवायला घोट-घोट प्यायलेलं गोड पेय. दात किडायला आणखी काय हवं? धूर नको म्हणून गमी (गांजा घातलेली चघळायची गोळी) खाणाऱ्यांनीही खूश होऊ नये; चिकट साखर दाढांच्या खाचांतच जाऊन बसते.

आता हिरड्या. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. त्यांच्या वयाच्या 32 व्या वर्षीचे निष्कर्ष 2008 साली आले: जास्त गांजा ओढणाऱ्यांमध्ये हिरडी दातापासून सुटण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि तंबाखूचा परिणाम हिशेबातून वगळल्यावरही फरक राहिला. “गांजा म्हणजे तंबाखू नव्हे” याचं उत्तर यातच आलं. 2016 चा पुढचा अहवाल मला जास्त बोलका वाटतो. 38 व्या वर्षापर्यंत गांजा ओढणाऱ्यांची फुप्फुसं, रक्तदाब, साखर असं बरंच काही तपासलं. बहुतेक ठिकाणी गांजाशी जोडता येईल असं नुकसान दिसलं नाही; हिरड्यांत मात्र स्पष्ट दिसलं. ही मंडळी ब्रश आणि फ्लॉसही कमी करत होती, पण सगळा फरक तेवढ्याने भरून निघत नव्हता. म्हणजे गांजाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी बाकी काहीही मांडावं, हिरड्यांचा दाखला देऊ नये.

कॅन्सरबद्दल ठाम बोलणं घाईचं आहे. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजच्या 2017 च्या अहवालाला डोकं-मानेच्या कॅन्सरशी संबंध आढळला नव्हता. 2024 च्या एका मोठ्या अभ्यासात व्यसनाच्या पातळीवर गांजा घेणाऱ्यांमध्ये असा संबंध आढळला. “होत नाही” असं छातीठोक सांगण्याजोगं हे चित्र नाही.

दाढदुखीचं म्हणाल तर, ठणका दबला तरी मुळाशी पू साचतच राहतो. आणि दबतोच असंही नाही. 1977 च्या एका छोट्या प्रयोगात दात काढायला आलेल्या 10 जणांना शिरेतून टीएचसी देऊन पाहिलं. वेदना कमी करायला 6 जणांनी कमी मात्रेच्या टीएचसीपेक्षा औषध नसलेलं इंजेक्शनच पसंत केलं.

मेसेजचा सर्वांत घातक भाग शेवटचा: घेऊन जा आणि सांगू नका. टीएचसीने नाडी वाढते. दात बधिर करायच्या इंजेक्शनमध्ये बहुधा अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं असतं, त्यानेही धडधड वाढते. भीती घालवायला घेतलेला गांजा काहींच्या बाबतीत खुर्चीत बसल्यावर भीती दुप्पट करतो. झोपेचं औषध देऊन उपचार करायचे असतील तर मात्रेचा अंदाजच चुकतो: 2019 मध्ये कोलोरॅडोतल्या एका अभ्यासात, एंडोस्कोपीसाठी (नळी घालून आतून तपासणी) आलेल्या नियमित गांजा घेणाऱ्यांना फेंटानिल हे वेदनाशामक 14 टक्के, आणि गुंगीची औषधं मिडाझोलाम 20 टक्के व प्रोपोफॉल 220 टक्के जास्त लागली. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2022 मध्ये दाताच्या तपासणीला गांजा न घेता येण्याचं आवाहन केलं, ते उगाच नव्हे.

डेंटिस्टला हे समजलं तर तो नाडी बघेल, अ‍ॅड्रेनालिन नसलेलं इंजेक्शन निवडेल किंवा काम पुढे ढकलेल. नशेत केलेल्या संमतीच्या सहीलाही तसा अर्थ नसतो. भूल देणाऱ्या तज्ज्ञांच्या 2023 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार, गांजा ओढल्यानंतर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया किमान 2 तास लांबवावी. त्यामुळे “शेवटचा कधी घेतला” या प्रश्नाला तास सांगून खरं उत्तर द्यावं. गमी खाल्ली असेल तर तेही सांगावं, कारण तिचा अंमल उशिरा चढतो आणि जास्त टिकतो.