चौदा खासदार, आणि मत पाण्यात?

युरोपीय संसदेच्या निवडणुकीचा विषय निघाला की आयर्लंडबद्दलचा एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: '720 जणांच्या संसदेत आयर्लंडचे 14. त्यांना विचारतो कोण? कायदे ब्रसेल्सचे बाबू करतात, संसद नुसती गप्पा मारते. त्यात मतपत्रिकेवर एक-दोन-तीन आकडे टाकायचे, म्हणजे मत कुणाच्या खात्यात गेलं तेही कळत नाही. आणि बाहेरचे लोकही मतं देतात.'

आधी 14 चा आकडा. जर्मनीचे 96 आहेत हे खरं, पण जर्मनीत एका खासदारामागे साधारण पावणेनऊ लाख लोक येतात, आयर्लंडमध्ये पावणेचार-चार लाख. म्हणजे लोकसंख्येच्या मानाने आयरिश मताचं वजन जर्मन मताच्या दुपटीहून जास्त. तक्रार करायचीच तर जर्मनांनी करावी. आणि 'विचारतो कोण' याचं उत्तर पॅट कॉक्स. आयर्लंडमधल्या मन्स्टरमधून अपक्ष निवडून आलेला हा गृहस्थ 2002 ते 2004 या संसदेचा अध्यक्ष होता.

'संसद नुसती गप्पा मारते' यात थोडं तथ्य आहे. विधेयक मांडायचा अधिकार तिला नाही, तो युरोपीय आयोगाकडे, म्हणजे संघाचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडे. पण बहुतेक कायदे तिच्या मंजुरीशिवाय होत नाहीत. 12 जुलै 2023 ला निसर्ग पुनर्स्थापनेचं विधेयक सरसकट फेटाळायचा प्रस्ताव आला. बाजूने 312, विरोधात 324. फरक बाराचा, आणि आयर्लंडचे खासदार तेव्हा तेरा. ते सगळे एका बाजूने नसतातच, पण 'चौदांनी काय होणार' म्हणणाऱ्याने हा फरक बघावा.

आता आकडे टाकण्याची गोष्ट. ही पद्धत आयर्लंडमधल्यांना अगम्य वाटते असं मराठी माणसाने म्हणावं याचं मला नवल वाटतं. पदवीधर मतदारसंघाच्या निकालाच्या बातम्यांत आपण काय वाचतो? 'पहिल्या पसंतीची मतं', 'कोटा पूर्ण', 'बाद फेरी'. जुलै 2024 मध्ये आपल्या विधान परिषदेच्या 11 जागांना 12 उमेदवार होते, निवडून यायला लागणाऱ्या मतांचा कोटा 23 चा, आणि कुणाचे आमदार फुटले यावर चॅनेलांनी दिवस काढला. तेच गणित तिथे लाखो मतदारांचं. पाच जागा असतील तर वैध मतांचा सहावा भाग अधिक एक हा कोटा. कोट्यावरची जादा मतं पुढच्या पसंतीकडे जातात, तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही. मत एकच राहतं, फक्त घर बदलतं. साध्या पद्धतीत हरणाऱ्याला दिलेलं मत तिथेच संपतं, इथे त्याला दुसरी संधी मिळते.

त्रास आहे तो मोजणाऱ्यांना. 7 जून 2024 च्या युरोपीय निवडणुकीत मिडलँड्स-नॉर्थ-वेस्ट मतदारसंघात 27 उमेदवार होते. मतपत्रिका दोन फुटांहून लांब, नावाशेजारी फोटो, पुढे आकडा लिहायला चौकोन. कॅसलबारच्या मोजणी केंद्रात असे गठ्ठे फेरीमागून फेरी हाताने लावत माणसं कित्येक दिवस बसली होती. या लांबलेल्या मोजणीला 'गडबड' म्हणणारेही भेटतात. अहो, उमेदवारांची माणसं समोर उभी राहून एकेक गठ्ठा बघत असतात!

'बाहेरचे लोक' म्हणजे आयर्लंडमध्ये राहणारे इतर युरोपीय संघ-देशांचे नागरिक. ते मतदान करतात, पण एकाच देशात, एकदाच. ब्रेक्झिटनंतर तिथल्या ब्रिटिशांनाही हे मत नाही. डब्लिनमध्ये राहणाऱ्या, भारतीय पासपोर्टवाल्या मराठी माणसाला त्याच 7 जूनला स्थानिक निवडणुकीची मतपत्रिका मिळाली असेल, युरोपची नाही.

खरी टीका करायला जागा आहे, ती मेसेजमध्ये नाही. आयर्लंडमध्ये युरोपीय जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही. पक्षाने किंवा अपक्ष उमेदवाराने आधीच दिलेल्या यादीतला माणूस थेट बसतो. 2020 मध्ये खासदार मॅरेड मॅकगिनेस युरोपीय आयोगावर आयुक्त झाल्या आणि त्यांच्या जागी कोलम मार्की आले, मतदारांना न विचारता. यावर कुणी मेसेज लिहिला असता तर मी स्वतः पुढे पाठवला असता.